किल्ला, आवृत्ती ०.०७

१ जानेवारी २००१, सोमवार. दुपारी ३

नवं सहस्रक खरं आजपासून. गेल्या वर्षी सगळ्या नंदाखालने फटाके उडवले, तेव्हाच मी स्टाफरूममध्ये सांगितलं होतं की शून्य साल नव्हतंच. कोणी ऐकलं नाही. अँथनी गणित शिकवतो, त्यानेही उडवले.

यंदाचा संकल्प एकच. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. कॉम्प्युटर चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याचा सगळा कारभार बघते ती. विंडोजशिवाय, कोणाच्या उपकाराशिवाय, पहिल्या बाइटपासून माझी. फिनलंडात एका कॉलेजच्या पोराने केली. मग नंदाखालच्या बी.एस्सी., बी.एड. माणसाला काय कठीण आहे? वय त्रेचाळीस, म्हणजे अनुभव.

नाव ठरलं : किल्ला. विंडोजला खिडक्या, कोणीही डोकावतं. किल्ल्याला तट. अँथनीला सांगितलं तर म्हणाला, फर्डिनंड, पण वसईचा किल्ला पडला होता ना? अशा माणसांमुळेच देश मागे आहे.

इतर संकल्प : रोज एक तास चालणं. रेजिनाशी वाद नाही.

भाकीत, नोंद असावी म्हणून : २०१० पर्यंत प्रत्येक सुशिक्षित माणसाची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असेल. जसा प्रत्येकाचा स्वतःचा टूथब्रश असतो.

३ जानेवारी, बुधवार

चाललो नाही. वारा होता.

घरात कॉम्प्युटर एक आणि माणसं दोन, मी आणि बायको. पण वाटणी चोख आहे. माझी शाळा सकाळची, रेजिनाची दुपारची. सकाळी ती मशीनवर बसते, दुपारी मी. ती तिच्या मावशीची गाणी टाइप करते. प्रिस्कामावशी, राहणार निर्मळ, वय चौऱ्याऐंशी. आमच्या बोलीतली लग्नाची गाणी : मांडव घालतानाची, पाणी आणतानाची, नवरीला न्हाऊ घालतानाची. आता बँडबाजा आल्यापासून ती कोणी म्हणत नाही. सगळी पाठ असलेली एक मावशीच उरली. दोन वर्षं रेजिना दर रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन निर्मळला जाते आणि आठवडाभर दोन बोटांनी टाइप करते.

माझं श्रेय इथे कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहितो. कॅसेट साठवू नकोस, असं मीच तिला सांगितलं. टेप म्हणजे मागचं शतक. बुरशी लागते, गुंता होतो. एकदा कॉम्प्युटरमध्ये गेलं की कायमचं. तेव्हापासून चारच कॅसेट ती पुन्हा पुन्हा वापरते. केवढी सुटसुटीत पद्धत.

६ जानेवारी, शनिवार. दुपारी ४.१०

किल्ला जन्मला!

मशीन चालू झालं की सगळ्यात आधी फ्लॉपीवरची पहिली ५१२ बाइट्स वाचतं. ती ५१२ माझी. फ्लॉपी घातली, बटण दाबलं, काळ्या पडद्यावर पांढरा K उमटला. विंडोज नाही, काही नाही. फक्त K आणि मी. डोळ्यांत पाणी आलं. लिहायला लाज वाटत नाही.

शाळेतून आल्यावर रेजिनाला दाखवलं. आणखी काय करतो, तिने विचारलं. म्हटलं, सध्या उभा राहतो. लग्नात तुम्ही राहता तसा, असं म्हणून चहा टाकायला गेली.

१३ जानेवारी, शनिवार

आवृत्ती ०.०२. आता KILLA UGHADLA असं पूर्ण येतं. देवनागरी टप्पा दोनमध्ये. आमची बोली टप्पा तीन. जगातली पहिली ऑपरेटिंग सिस्टिम जी वसईच्या कुपारी ख्रिस्ती माणसाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलेल. माझ्या या कामापुढे गाणी टाइप करणं तसं किरकोळ, पण मी तसं बोलत नाही.

अडचण : फ्लॉप्या. खाऱ्या हवेने पटापट खराब होतात आणि मला रोज नवी लागते. कपाटात खालच्या फळीवर सहा मिळाल्या, डब्यात नीट ठेवलेल्या. वर पेन्सिलीने काहीतरी आकडे लिहिलेले. पेन्सिलीने लिहिलेलं महत्त्वाचं नसतं, महत्त्वाचं माणूस पेनाने लिहितो. खोडरबराने स्वच्छ केल्या.

२१ जानेवारी, रविवार

रेजिनाचं काम संपलं. दोनशे चौदा गाणी. शेवटचं काल टाइप झालं. आज दोघं निर्मळला जाऊन आलो. मावशी ओट्यावर पाय पसरून बसलेली, कानात मोठ्या सोन्याच्या कुड्या, हातात जपमाळ. तिला सांगितलं की आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. ती म्हणाली, मग आता मी मेले तरी चालेल. रेजिना रडली. मी समजावलं की डेटा आणि माणूस या वेगळ्या गोष्टी आहेत.

ठरलं असं : ६ मेला मावशीला पंच्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी पुस्तक तिच्या हातात द्यायचं. ईस्टरनंतर प्रेसला फाइल. वसईच्या प्रेसवाल्याशी रेजिनाने बोलून ठेवलंय. कॅसेटवर आता ती दहावीच्या मुलांसाठी कवितांचं पाठांतर भरून घेणार आहे. चारीवर.

१ फेब्रुवारी, गुरुवार

विरारच्या सायबर कॅफेत गेलो. जगभर हौसेने ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांची एक मेलयादी आहे, तिच्यावर किल्ल्याची घोषणा केली. इंग्रजीत तीन पानं. भवितव्याबद्दलही लिहिलं : मोठ्या कंपन्या दहा वर्षांत बसतील आणि घरोघर लोक स्वतःचं लिहितील.

८ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर आलं. एकच. ब्राझीलहून. विचारतो, हा बूट सेक्टर, म्हणजे ती पहिली ५१२ बाइट्स, कुठल्या धड्यातून उतरवला? त्याने पण तोच उतरवलाय म्हणे.

दुर्लक्ष केलं. मत्सर हा आंतरराष्ट्रीय आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.३०

आवृत्ती ०.०५. मोठा दिवस. आतापर्यंत किल्ला नुसता वाचत होता, आज लिहिणार. फ्लॉपीवर K हे अक्षर भराभर लिहून बघायचं. एवढं जमलं की पुढे फाइल, मग प्रिंटिंग. रेजिनाचं पुस्तक किल्ल्यातूनच छापू. तिला सरप्राइज.

३.०५. लिहिलं! वेग थक्क करणारा. हजारो K.

३.२०. फ्लॉपीवर मात्र एकही K नाही.

३.४०. विंडोज सुरू होत नाही.

४.००. सापडलं. फ्लॉपीचा नंबर शून्य, हार्ड डिस्कचा ऐंशी. माझ्या कोडमध्ये ऐंशी. आधीच्या एका प्रयोगातून राहून गेलेलं. म्हणजे सगळे K हार्ड डिस्कवर गेले, अगदी सुरुवातीपासून. तांत्रिकदृष्ट्या किल्ल्याने काम चोख केलं. जिथे सांगितलं तिथेच लिहिलं.

४.१०. रेजिनाची गाणी त्याच डिस्कवर.

४.१५. ती बॅकअप ठेवायची. सहा फ्लॉप्या. खालच्या फळीवर, डब्यात, पेन्सिलीने आकडे घालून.

४.३०. चारी कॅसेट लावून बघितल्या. कविता. मुलं हेल काढून म्हणतायत.

५.४५. ती यायची वेळ झाली. मशीनवर कापड टाकलं. दिवसाची चांगली नोंद एकच : आज सकाळी चाललो होतो.

११ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्सेला गेलो. लक्ष लागलं नाही. सांगितलं नाही. आज रविवार, रविवारी वाईट बातमी देऊ नये.

१२ फेब्रुवारी, सोमवार

स्कूटरने आचोळ्याला. युजीन तिथे कॉम्प्युटर क्लास चालवतो. माझा माजी विद्यार्थी, नववीत विज्ञानात कसाबसा पास. त्याला नाव न घेता विचारलं : एका ओळखीच्या माणसाचं असं असं झालंय. तो म्हणाला, सर, त्या माणसाला सांगा, मशीन चालूच करू नको. डिस्क काढून आहे तशी माझ्याकडे आण. सुरुवात गेली तरी मागचं बरंचसं आत असतं, पण वर काही लिहिलं की गेलं.

म्हणजे आशा आहे. जे मला ठाऊकच होतं.

पण युजीनची आई रेजिनाच्या शेजारी बसून चर्चच्या गायनवृंदात गाते. आज डिस्क त्याला दिली, की रविवारी रेजिनाला कळणार. आणि एक तत्त्वाचा प्रश्न आहे. किल्ल्याने घालवलं ते किल्ल्यानेच परत आणलं पाहिजे. हरवलेलं शोधणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहीन. आठ दिवस पुरे. मग सांगेन, तेही यशासकट.

१८ फेब्रुवारी, रविवार

रेजिनाने मशीनवरचं कापड बघून विचारलं. म्हटलं, डिस्कचं नूतनीकरण चाललंय, महिनाभर हात लावू नकोस. गाणी ठीक आहेत ना, तिने विचारलं. म्हटलं, किल्ल्यात आहेत. हे खोटं नाही. डिस्कवर आहेत, कुठेतरी.

तिला दहावीच्या सराव पेपरांचं काम आहे. पुढच्या महिन्यात बोर्ड. तिला वेळ नाही हे एका अर्थी बरंच.

आठ दिवसांचे पंधरा होतील.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी शकू आली. अर्नाळ्याची, शुक्रवारी मासळी घेऊन येते, वाटेत निर्मळला मावशीकडे टेकते. बोंबील निवडता निवडता सांगायला लागली की म्हातारी ओट्यावर बसून ना पानी पिते, ना धड जेवते, नुसती गानी आठवत बसलीय. आनखी तीस-चाळीस आठवलीत म्हनते. रेजिनाला लवकर पाठवा, असं सांगायला सांगितलंय.

निरोप रेजिनाला दिला नाही. दिला तर ती नवी गाणी आणणार, नवी आणली तर टाइप करायला मशीन उघडणार. आधी जुनी परत आणतो, मग नवी. कामाला क्रम असतो.

२८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. फादरांनी कपाळाला राख लावली आणि माती आहेस, मातीत मिळशील म्हणाले. मला डिस्क आठवली.

पण घरी येताना एकदम सुटका झाल्यासारखं वाटलं. आजपासून उपासाचे चाळीस दिवस. या दिवसांत आपल्यात लग्न होत नाही आणि लग्नाची गाणी कोणी म्हणत नाही. म्हणजे ईस्टरपर्यंत मावशी तशीही गाणार नव्हती. मी सांगितलं असतं तरी काही उपयोग नव्हता. देवानेच चाळीस दिवस दिलेत.

संकल्प : उपासाच्या दिवसांत मटण नाही, मासळी फक्त शुक्रवारी आणि रोज तीन तास कोड.

७ मार्च, बुधवार. दुपारी ५

सापडलं! शोध-प्रोग्रॅम चालला. डिस्कच्या पोटात एक तुकडा मिळाला, नऊ ओळी. अडचण इतकीच, की रेजिनाच्या मराठी फॉन्टशिवाय सगळी अक्षरं उलट्यासुलट्या इंग्रजी खुणांसारखी दिसतात. गाणं कुठलं आणि विंडोजची सटरफटर फाइल कुठली, सांगता येत नाही. पण ओळी छोट्या-मोठ्या आहेत, म्हणजे गाणंच.

हाती आलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवायची सोय केली. किल्ला तो लगेच डिस्कवरच लिहून ठेवतो.

१० मार्च, शनिवार

एकशे सहा तुकडे जमले. त्यांना जागा द्यायची तर डिस्कवर मोकळी जागा लागते. कोणती मोकळी आणि कोणत्या जागेत गाणं, हे किल्ल्याला कळत नाही. तो समोर येईल तिथे लिहितो.

म्हणजे सापडलेलं ठेवताना न सापडलेल्यावर लिहिलं गेलं असेल का? युजीन काहीतरी म्हणाला होता तसं. पण तो नववीत कसाबसा पास.

कोड बंद केला. आज पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती, परीक्षेच्या निकालाला वाटायची तशी.

१८ मार्च, रविवार

पेपरांतून वेळ काढून रेजिना एकटी निर्मळला जाऊन आली. आल्यावर सांगत होती : मावशीला बोलायचंच नव्हतं, गायचं होतं. मी म्हटलं मावशी, उपास चालू आहेत. तर म्हणाली, मी फादरांना विचारून घेतलंय. शिकवायला म्हणायला हरकत नाही, शिकवणं म्हणजे नाचणं नव्हे. या वयात मी ईस्टरची वाट बघत नाही, पोरी.

मग? मी विचारलं.

मग काय, रेजिना म्हणाली, तिला धाप लागत होती. म्हटलं, दमू नकोस, दोनशे चौदा आहेत आपल्याकडे, ह्यांनी कॉम्प्युटरमध्ये नीट ठेवलीत. तेवढी पुष्कळ झाली. तिचे हात दाबले, पेज पाजली आणि आले.

मी स्कूटर पुसायला बाहेर गेलो. स्कूटर स्वच्छ होती.

२५ मार्च, रविवार

सकाळी सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं : रेजिना, एक छोटा तांत्रिक प्रश्न उद्भवलाय. ती पेपर तपासत होती. मध्येच उठून तिने माझ्या सदऱ्याचं बटण लावून दिलं. सांगणं राहिलं.

१ एप्रिल, रविवार

नवी योजना. अतिशय साधी, आधी का सुचली नाही? मीच मावशीचं रेकॉर्डिंग करायचं. गुपचूप. रेजिना बोर्डाचे पेपर आणायला गेलेली. टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट घेऊन निर्मळला गेलो.

मावशी ओट्यावरच होती. टेपरेकॉर्डर बघून तिचा चेहरा खुलला, पण मागे रेजिना दिसेना तशी गंभीर झाली. मी म्हटलं, मावशी, म्हण. ती म्हणाली, तुझ्यासमोर? तू जावई ना आमचा! ही बायांची गाणी, जावयासमोर म्हणत नाहीत. आणि त्यातली निम्मी तर जावयालाच शिव्या घालणारी आहेत. आधी हसली, मग खोकली. विज्ञानाचा शिक्षक आहे, सगळं ऐकून घेईन, असं म्हणून पाहिलं. तिने हात हलवला. रेजिनाला पाठव म्हणाली. आज संध्याकाळी पाठव. तिला म्हणावं, सगळी पुन्हा म्हणते पहिल्यापासून, मला आता रांगेने आठवतायत. लहानपणीचं दिसतं तसं दिसतंय सगळं.

पहिल्यापासून. सगळी. आज संध्याकाळी.

परतताना तिने सुकेळ्यांची, सुकवलेल्या केळ्यांची, पुडी हातात दिली. रेजिनाला आवडतात म्हणून.

घरी येऊन सुकेळी दिली. कोणी दिली ते सांगितलं. पाठव म्हणाली ते सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर विचारलं असतं, पुन्हा पहिल्यापासून कशाला?

८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पवित्र आठवडा सुरू. या आठवड्यात घरात भांडण नको. ईस्टरनंतर.

अँथनीला विचारलं, एखादी वाईट गोष्ट सांगायची असेल तर योग्य वेळ कोणती? तो म्हणाला, कालची. गणिताची माणसं विनोद करतात तेव्हा कळत नाही की तो विनोद आहे.

१५ एप्रिल, ईस्टर

आनंदाचा दिवस. सांगितलं नाही.

१७ एप्रिल, मंगळवार

प्रेसवाल्याचा फोन. रेजिना म्हणाली, फाइल द्या ना आता. म्हटलं, फॉन्टचं रूपांतर चाललंय, तीस तारखेला नक्की. तिने माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांच्या संसारात असं दोन-तीनदाच बघितलंय तिने. मग म्हणाली, तुमची प्रकृती बरी नाही का? जेवत नाही धड.

२० एप्रिल, शुक्रवार. दुपारी ४

आवृत्ती ०.०७. आज किल्ल्यातून फ्लॉपीवर फाइल लिहिली, मशीन बंद केलं, चालू केलं आणि फाइल जशीच्या तशी परत वाचली! साडेतीन महिन्यांत एकट्याने. भारतात किती जणांनी केलं असेल? अँथनीला मुद्दाम बोलावलं. फाइलमध्ये काय आहे, त्याने विचारलं. CHACHNI एवढंच होतं. ठेवतो चांगला, तो म्हणाला.

शकू आज पुन्हा आली. म्हातारी विचारत होती, पोरगी रुसली काय? मी पापलेट महाग आहे म्हणालो.

२२ एप्रिल, रविवार

रेजिना दिवसभर बोर्डाच्या उत्तरपत्रिकांवर. उद्या जमा करायच्यात. म्हणाली, हे संपलं की पुढच्या रविवारी मावशीकडे दिवसभर जाते. खूप दिवस झाले.

ठरलं. शनिवारी, अठ्ठावीसला सांगायचं. म्हणजे रविवारी ती कॅसेट घेऊनच जाईल. मावशी पहिल्यापासून म्हणेल, सहा-सात रविवारांत सगळी होतील. पुस्तक मेऐवजी दिवाळीला. नुकसान असं काहीच नाही. हे आधी का दिसलं नाही? दहा आठवड्यांत आज पहिल्यांदा भूक लागली.

२६ एप्रिल, गुरुवार

मावशीला सकाळी झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यात आहे. रेजिना तिकडेच.

२७ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले जगेल. बोलण्याचं विचारू नका म्हणाले.

दुपारी रेजिना आंघोळीला घरी आली. केस ओले तसेच सोडून ती माझ्याजवळ येऊन बसली. मावशी नुसती बघते, ओठ हलवते, आवाज येत नाही, असं सांगत होती. मग माझा हात धरला. म्हणाली, तुमचे उपकार आहेत. तुम्ही मला सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायला लावलंत. नाही तर आज काय राहिलं असतं?

मी हात काढून घेतला नाही. काढून घ्यायला हवा होता, की नको, कळलं नाही.

२८ एप्रिल, शनिवार

डिस्क काढून आचोळ्याला युजीनकडे दिली. यावेळी नाव घेऊन सांगितलं. त्याने ती दुसऱ्या मशीनला जोडली, एकीकडे प्रत काढून घेतली, मग तासाभराने बोलला. मी बाकावर बसलो होतो, मुलांच्या बाकावर. सुरुवातीला K, पुढे जागोजागी माझे एकशे सहा तुकडे. तीन गाणी पूर्ण निघाली. एक अर्धं. बाकी विंडोजच्या फाइली.

फेब्रुवारीत आणली असती तर, असं तो सुरू झाला आणि थांबला. सर म्हणाला नाही. चहा मागवला.

२९ एप्रिल, रविवार. सकाळी ११

सांगितलं. स्वयंपाकघरात, ती मावशीसाठी पेज गाळत असताना. सगळं : फ्लॉप्या, ऐंशी नंबर, शकूचे निरोप, मावशी पहिल्यापासून म्हणते म्हणाली होती ते. तांत्रिक बाजू मी आधी घेतली. तिने ती मध्येच थांबवली.

रडली नाही. एकच विचारलं, कधी? मला नेमकं आठवेना. ही वही काढून बघावी लागली. दहा फेब्रुवारी, शनिवार.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ओट्यावर ठेवलं आणि बोट ठेवत रविवार मोजत गेली. फेब्रुवारीचे, मार्चचे, एप्रिलचे, बावीस तारखेपर्यंत. अकरा, म्हणाली. कॅलेंडर परत खिळ्याला लावलं, पेजेचा डबा पिशवीत घातला आणि दवाखान्यात गेली. मी स्कूटरने सोडतो म्हटलं. रिक्षाने गेली.

ती गेल्यावर मी पुन्हा मोजले. एखादा कमी भरतो का बघितलं. उपासाचे सहा वगळले तर पाच होतात. पण उपासातही म्हणते म्हणाली होती ती. अकराच आहेत.